पाहुणीची खोली

तंजावूर,
रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय प्रणवेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. घाबरू नकोस, मी बरी आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, तेवढंच. पण काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत रे. मध्येच तुझ्या ऑफिसातून दुसरा फोन येतो, नाहीतर शांभवी बाबाला खेळायला ओढते, आणि गोष्ट अर्ध्यावर राहते. ही अर्ध्यावर राहून चालणार नाही. सावकाश वाच, आणि नित्याला मोठ्यानं वाचून दाखव. माझ्या सुनेला आपल्या लिपीपेक्षा तमिळ जवळची आहे हे मला ठाऊक आहे. मीसुद्धा ही अक्षरं लग्नानंतरच शिकले. तुझे आजोबा, बाळकृष्णराव, सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांवर काम करायचे, आणि दुपारी घरी आले की मला पाटीवर मुळाक्षरं काढून द्यायचे. म्हणायचे, राजम, आपल्या गल्लीत बोलायला माणसं उरतील न उरतील, तुला वाचता तरी येऊ दे. तेव्हा वाटायचं, एवढं शिकून मी कुणाला लिहिणार?

गुरुवारी माझा फोन का लागत नाही म्हणून तू कितीदा रागावलास. गुरुवारी मी पापनाशमला असायचे. गावाच्या जरा अलीकडे, कालव्याला लागून एक लहानसं चर्च आहे. पांढरा मनोरा, समोर नारळाची झाडं, त्यांच्या सावलीत एक दगडी गुहा आणि तीत निळ्या पदराची मेरीमाता. कुंभकोणमच्या बसमधून जाताना लहानपणी तू तिला हात करायचास. आमच्या शाळेतली माझी सोबतीण, गणित शिकवणारी जेसिंता त्याच चर्चची. तुला ती आठवेलच. नाताळात तिच्याकडचा केक आणि दिवाळीला आपल्याकडची पुरणपोळी, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलंय. निवृत्त झाल्यावर ती भावाच्या घरी पापनाशमला राहायला गेली. गेल्या श्रावणात एका सकाळी तिचा फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही, म्हणाली, "राजम, जरा ऐक, आणि ही तुझ्या घरातली भाषा आहे का ते सांग." मग नुसते कावळे ऐकू आले, दूर कुणीतरी बादली आपटली, आणि एक म्हातारा, बारीक आवाज अगदी कानाशी म्हणाला, "पाणी तापलं का गं? आंघुळीचं पाणी तापलं का?"

प्रणवेश, मी हातात डोशाचा उलथणा घेऊन तशीच उभी राहिले. तुझे बाबा गेल्यापासून या घरात सकाळी मराठीत कुणी काही विचारलं नव्हतं. तू विचारतोस, पण तो फोनमधला तू असतोस, इंग्रजी मिसळलेला. हा आवाज तसा नव्हता. मला वाटलं, मी न बघितलेल्या कुठल्यातरी घरात, न बघितलेल्या चुलीपाशी मी उभी आहे आणि आतून कुणी हाक मारतंय. मी उत्तर देऊन टाकलं, "तापलें, आत्तां आणतें." पलीकडे ती म्हातारी बाई हसली. जेसिंता फोन घेऊन म्हणाली, "राजम, ही इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली. पुढची बस पकड."

तिथे काय घडलं होतं ते मला नंतर कळलं, तुला आधीच सांगते. त्या चर्चमध्ये फादर इन्नासी नावाचे नवे धर्मगुरू आले होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. रविवारी संध्याकाळी ते गावातल्या लोकांना एकत्र बसवून चर्चची सामाजिक शिकवण वाचायचे. मला इतकी वर्षं वाटायचं, चर्च म्हणजे प्रार्थना, उपास आणि मेणबत्त्या. पण यात मजुरीबद्दल होतं, जमिनीबद्दल होतं, नदीच्या पाण्याबद्दल होतं. प्रत्येक माणसात देवाचं रूप आहे म्हणून त्याचा मान राखायचा. ज्याला कुणी नाही त्याचा विचार सगळ्यांच्या आधी करायचा. आणि जे काम जवळच्या माणसांना जमण्यासारखं आहे, ते दूरच्या मोठ्या कचेरीवर ढकलायचं नाही. जेसिंता म्हणते, ऐकायला फार छान वाटायचं, वर चहा आणि उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल मिळायचं, आणि घरी जाताना सगळेजण ते ऐकलेलं तिथेच ठेवून जायचे. एका रविवारी अशीच बैठक संपवून बाया बाहेर आल्या, तर गुहेच्या पायरीवर एक म्हातारी झोपलेली. लुगडं नऊवारी, कासोटा घातलेला, चिखलानं भरलेलं. हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. जवळ पिशवी नाही, चप्पल नाही. जाग आली तेव्हा ती जे बोलली त्यातलं कुणाला काही कळलं नाही, पण लुगड्याची ती नेसण जेसिंतानं आपल्याकडे तुझ्या आजीची पाहिलेली होती.

पोलीस आले, फोटो काढला, सगळीकडे पाठवला. डॉक्टरनं तपासलं, अंगात ताप होता, आणि आठवणी मागेपुढे झाल्या होत्या. आता तिला ठेवायचं कुठे? कुणी म्हणालं तंजावूरच्या निवाऱ्यात पाठवू, कुणी म्हणालं चेन्नईला मोठी संस्था आहे. चर्चच्या आवारात लग्नकार्यासाठी एक नवं सभागृह बांधलंय, त्याच्या मागे वधूपक्षाची एक खोली आहे, पंखा आणि न्हाणीघर असलेली. ती रिकामी होती. पण भाताची गिरणी चालवणारा सेल्वरासू म्हणून एक मोठा माणूस आहे, त्याच्या मुलीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. तो म्हणाला, "फादर, मी वाईट माणूस नाही. पण माझ्या मुलीनं नटायचं कुठे? आणि आज एकीला ठेवलंत, उद्या पापनाशम स्टेशनवरचे सगळे इथे येतील." त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. लोकांनी फादरांकडे बघितलं. फादर म्हणाले, "मी ठरवणार नाही. मी ठरवलं तर ती माझी पाहुणी होईल. तुम्ही ठरवा." मग जेसिंता उठली. तिचा बोलण्याचा स्वभाव तुला माहीत आहे, फळ्यावर गणित सोडवल्यासारखा. म्हणाली, "खोली पाहुण्यांसाठी बांधली ना? मग ही पाहुणीच आहे. फक्त लग्नाला आलेली नाही." बायांनी त्याच संध्याकाळी खोली धुतली.

नवरी शेवटी फादरांच्या कचेरीत नटली. सेल्वरासू महिनाभर जेसिंताशी बोलला नाही. पण लग्नाच्या दिवशी पंगत बसण्याआधी त्यानं केळीचं पहिलं पान वाढायला लावलं, स्वतः उचलून त्या खोलीत नेऊन ठेवलं, आणि परत येऊन पाहुण्यांना पान-सुपारी द्यायला लागला. तो आजही म्हणतो की ती खोली लग्नाचीच आहे. असो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. बाहेर कालवा काठोकाठ भरून वाहत होता, पलीकडे भाताची रोपं, आणि सगळ्यावर ओलसर, सायीसारखा उजेड. गावातले सगळे तिला पाटी म्हणायचे, म्हणजे आजी. मी समोर जाऊन उभी राहिले आणि आपल्या घरी बोलतो तसं विचारलं, "आपण कोठून आलां? येथें कोणाबरोबर आलां?" तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. डोळे हसरे. म्हणाली, "अगं बया! तुम्ही तर पोथीतल्यावानी बोलतासा. कीर्तनाला आलाया का?" मला हसू आवरेना. आपलं मराठी जुनं आहे हे बाहेरून आलेल्या कितीतरी विद्वानांनी मला सांगितलंय, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. तिचं मराठी मला अर्धंच कळायचं, माझं तिला अर्धं. त्या दोन अर्ध्यांमध्ये आम्ही बसून राहायचो. मी तूप म्हटलं की ती तूप म्हणायची. मी मीठ म्हटलं की ती मीठ म्हणायची. साडेतीनशे वर्षं आणि हजारभर किलोमीटर मध्ये असून मीठ तेच राहिलं होतं, याचं मला इतकं नवल वाटायचं की घरी येताना बसमध्ये मी एकटीच ते शब्द पुटपुटत असे. शेजारच्या बाईला वाटायचं मी जप करते आहे.

नाव विचारलं तर कधी काही सांगायची, कधी काही. कधी म्हणायची, "मी शालीची आय." शालीला शाळेतून आणायचं आहे म्हणून दुपारी ती उठून निघायची. सुरुवातीला सगळे धावत जाऊन अडवायचे. मग फादरांनी चर्चच्या शेजारगटांना विचारलं. वीसेक घरांचा एकेक गट असतो त्यांच्यात, आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करणारा. त्यांनी वार वाटून घेतले. ज्यांचा वार, त्यांच्यातली कुणी ना कुणी दुपारी तिच्याबरोबर निघायची, आणि तिला न अडवता कालव्याच्या काठानं फाट्यापर्यंत आणि परत, असं फिरवून आणायची. फिरून आलं की तिला वाटायचं शाली घरी पोचली, आता खेळायला गेली असेल. मला हे फार आवडलं, प्रणवेश. मी फादरांना एकदा म्हटलं, तुम्ही तुमच्या वर्गात जे वाचता ते हेच का? ते जरा लाजले. म्हणाले, "अम्मा, वर्गात मी माणसाची प्रतिष्ठा असा शब्द वापरतो. या बायकांना तो शब्द मोठा वाटतो. पण तिला खोलीत कोंडून ठेवायचं नाही, एवढं त्यांना माझ्याआधी कळलं." मी म्हटलं, पण मी तुमच्यातली नाही, माझं काय काम? ते म्हणाले, "ती तरी कुठे आमच्यातली आहे?"

माझा वार गुरुवार. काठावरून चालताना ती मला कुणीतरी दुसरीच समजायची, तिची थोरली बहीण असावी. आक्का म्हणायची. कालव्याला कृष्णामाई म्हणायची. पायरीवर वाकून पाण्याला हळद-कुंकू वाहायची, ओंजळीत पाणी घेऊन माझ्या डोळ्यांना लावायची. मी तिला कधी सांगितलं नाही की ही कृष्णा नव्हे, कावेरी आहे. पहिल्या दिवशी सांगणार होते. पण ऊन उतरत आलेलं, पाण्यावर सोनं हलत होतं, बगळे रोपांमध्ये पांढरे ठिपके होऊन उभे होते, आणि ती इतक्या खात्रीनं पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यो बघ आपला घाट," की मला तो दिसला. खरंच दिसला. काळ्या दगडाचा, पायऱ्यांवर धुणी वाळत घातलेली. मी आयुष्यात महाराष्ट्र पाहिला तो तुझ्याकडे आले तेवढाच, तोही तुझ्या बाराव्या मजल्यावरून. पण त्या दुपारी मी तिच्या गावातून फिरून आले. घरी येऊन मी दिवा लावला आणि कितीतरी वेळ मला आपली गल्ली ओळखीची वाटेना. तंजावूरला आपले पूर्वज आले तेव्हा त्यांनाही संध्याकाळी असंच व्हायचं का रे? समोर एक नदी आणि डोळ्यांत दुसरी?

नाताळात जेसिंतानं मला बोलावलं. चर्चमध्ये गोठा उभा केला होता, गवत, मातीच्या गाई, आणि त्यात उघडंवाघडं मातीचं बाळ. प्रार्थना चालू होती. पाटी माझ्याजवळ बसली होती; अचानक उठली, ओळीतून वाट काढत पुढे गेली. मी तिला धरायला उठणार, तेवढ्यात फादरांनी हातानंच थांबवलं. तिनं अंगावरची शाल काढली, चौपदरी घडी केली, त्या बाळाला नीट गुंडाळलं, कानावरून पदर घेतात तसा शालीचा काठ घेतला, आणि मागे वळून सगळ्यांना मराठीत रागावली, "एवढ्या थंडीत पोराला असं ठेवत्यात व्हय? आय कुठं गेली ह्याची?" तमिळ माणसांनी भरलेलं ते चर्च, एका शब्दाचाही अर्थ त्यांना कळायचं कारण नव्हतं. पण कुणी हसलं नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावले. गोठा काढून ठेवेपर्यंत ते बाळ शालीतच राहिलं. फादरांनी त्या दिवशी प्रवचन केलं नाही. म्हणाले, झालं.

मग पोंगल आला. तिथे चर्चमध्येसुद्धा पोंगल करतात, अंगणात चूल मांडून, उसाच्या मोळ्या उभ्या करून. मडक्याला बांधायला पानांसकट हळदीची रोपं आणली होती. तिनं एक रोप हातात घेतलं, नखानं कंद खरवडला, वास घेतला, आणि तिचा चेहरा पाण्याखालून वर यावा तसा वर आला. हळद कशी खणायची, मोठ्या कढईत कशी शिजवायची, वाळवताना पोरं कशी पिवळी होतात, सगळं ओळीनं सांगायला लागली. मी हळूच विचारलं, "कोठली हळद ही? कोणाच्या रानांतली?" म्हणाली, "माळेवाडीची. आमच्या दादांची." आणि तू कोण? "मी हौसा." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाव आणि नाव एकत्र आलं. वाई म्हणूनही काहीतरी म्हणाली. मी तिथल्या तिथे जेसिंताला तमिळमध्ये सांगितलं आणि आम्ही दोघी भाताच्या मडक्याशेजारी शाळकरी मुलींसारख्या हात धरून उभ्या राहिलो.

फादरांनी पोलिसांना कळवलं, आणि साताऱ्याकडे काम करणाऱ्या सिस्टर कुणी ओळखीच्या होत्या त्यांनाही. उत्तर आलं, हरवलेल्या माणसांत हौसा नावाची कुणी नाही. दुसऱ्यांदा आलं, माळेवाडीत अशी कुणी बाई राहत नाही. मला ते ऐकून तिच्यासमोर बसवेना. पण नंतर विचार करताना माझ्या लक्षात आलं. माझं स्वतःचं माहेरचं नाव सुंदरी होतं, हे तुला तरी कुठे ठाऊक आहे? लग्नात तुझ्या बाबांनी तांदळात राजम लिहिलं आणि सुंदरी संपली. हौसाबाई आठवणीत मागे मागे चालत माहेरी जाऊन पोचल्या होत्या. ते नाव, ते गाव, सगळं लग्नाआधीचं. मी फादरांना म्हटलं, सिस्टरांना सांगा, सून म्हणून आलेली शोधू नका, लेक म्हणून गेलेली शोधा. माळेवाडीतल्या कुणातरी म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमची हौसा कुठे दिली होती?

शोध चालला तोवर कालव्याचं पाणी बंद झालं. दरवर्षी होतं तसंच. तळाला चिखल, मग भेगा. ती पायरीवर उभी राहून विचारायची, "आक्का, कृष्णामाई कुठं गेली?" मी सांगायचे, येईल. तिला चालवेनासं झालं. बाया तरीही दुपारी यायच्या, फाट्यापर्यंत जायचं नाही म्हणून खोलीतच बसायच्या, आणि चालत गेल्यासारखं वाटेत काय काय लागतं ते तमिळमध्ये सांगायच्या. ती मराठीत हुंकार द्यायची. मी दाराशी उभी राहून ते ऐकत असे आणि मला वाटायचं, मी कुणाच्यातरी झोपेत उभी आहे, फार गोड झोपेत, आणि पाय वाजवायचा नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. हौसाबाई फाल्गुनात गेल्या. पहाटे, दवाखान्यात नव्हे, त्याच खोलीत. मी आदल्या दिवसापासून तिथेच होते. शेवटी त्यांनी पाणी मागितलं, मराठीत मागितलं, आणि ते मी दिलं. त्यांचा धर्म काय, विधी कुणाचा, असा प्रश्न आलाच. फादर म्हणाले, त्या आपल्या म्हणून नव्हे, त्या त्यांच्या म्हणूनच जातील. तिरडी त्या गावच्या ख्रिस्ती माणसांनी खांद्यावर नेली, आणि अग्नी मी दिला. स्मशानातल्या माणसानं बाईनं कसा द्यायचा म्हणून कुरकुर केली, तर जेसिंता त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर आठ दिवसांनी सिस्टरांचा निरोप आला. माळेवाडीतल्या एका म्हाताऱ्यानं ओळख पटवली. सासरचं नाव पार्वती. रामेश्वरच्या यात्रेला गावकऱ्यांबरोबर गेली होती, मदुराईच्या गर्दीच्या स्टेशनवर ताटातूट झाली. तक्रार दिली होती, पण सासरच्या नावानं, दुसऱ्या गावच्या पत्त्यावर. शालन नावाची एकच मुलगी, तीच ती शाली. ती आईला शोधायला दोनदा मदुराईला आली, भिंतींवर फोटो चिकटवले, एकदा तिरुचीपर्यंत आली. तिरुची, प्रणवेश. आपल्या इथून तासाभरावर.

शालन पुण्यात असते, तुझ्या घरापासून फार लांब नाही. हडपसरला, एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिला अजून काहीच कळलेलं नाही. सिस्टरांनी विचारलं, फोन करून सांगू का? फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, फोनवर नको, माझा मुलगा तिथेच आहे, तो जाईल. तुला न विचारता शब्द दिला. म्हणून हे सगळं इतकं लांबवून लिहिलं. माझ्यासाठी नाही, तिला सांगता यावं म्हणून. पत्ता मागे लिहिला आहे. रविवारी दुपारनंतर तिला सुट्टी असते. नित्याला बरोबर ने. आधी तिला एवढंच सांग की आई रस्त्यावर गेली नाही, आणि एकटी नव्हती. मग जसं आठवेल तसं बाकीचं सांग. तुझं मराठी आता पुण्याचं झालंय, मला कधीकधी कळत नाही म्हणून मी चिडते; बरंच झालं, तिला सोपं जाईल. अस्थींपैकी थोड्या मी ठेवल्या आहेत, कावेरीत सोडायच्या की कृष्णेत ते तिनं ठरवायचं आहे. तिला यायचं असेल तर तू तिकीट काढून दे. ती आपल्याच घरी उतरेल, कारण चर्चच्या त्या खोलीत आता दुसरी एक बाई आली आहे, ओडिशाकडची असावी, आणि तिचं बोलणं अजून कुणाला कळलेलं नाही. शालन चिडेल कदाचित. इतक्या जवळ असून कसं कळवलं नाही, म्हणेल. म्हणू दे. उत्तर देऊ नकोस. ती रडायला लागली तर उठू नकोस, फोन बघू नकोस. तिचं विचारून संपेपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.

तुझीच,
आई